पारड्यातून उतरलेली फुलं

ते साल दोन हजार अठराचं. परतीच्या पावसानं नाशिककडे पाठ फिरवली होती, विहिरी दसऱ्याआधीच तळाला गेल्या होत्या, आणि मखमलाबादकडच्या मळ्यांत ज्यांच्याकडे ठिबक होतं त्यांचाच झेंडू काय तो टपोरा आला होता. भागुबाईंच्या मळ्यात ठिबक होतं. फूल मुठीत मावत नव्हतं, भाव चढा होता, आणि तरीही त्या वर्षी भागुबाईंना दसरा नकोसा झाला होता. कारण दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी येते, आणि खंडेनवमीला त्यांच्या शेडमध्ये काटा टांगला जातो.

त्या काट्याची गोष्ट जुनी. भागुबाईंचे सासरे पुंजाराम यांनी मळ्यात विहीर खणायला काढली, तेव्हा कितीही खाली गेलं तरी खडकच लागत होता. शेवटी ते वैतागून म्हणाले, "पाणी दे बाबा, दर दसऱ्याला माझ्या वजनाइतकी फुलं गावाला फुकट वाटीन." पाणी लागलं. तेव्हापासून खंडेनवमीला विळे, खुरपी, फवारणीचा पंप यांची पूजा झाली की भाजी तोलायचा मोठा तराजू शेडच्या तुळईला टांगायचा. एका पारड्यात घरचा कर्ता पुरुष मांडी घालून बसायचा, दुसऱ्यात झेंडूची बोचकी चढायची. दांडी सरळ झाली की तेवढी फुलं बाजूला. ती बाजारात जायची नाहीत. मारुतीच्या देवळाला, शाळेला, आणि ज्या घरांना सणासुदीचा झेंडू परवडत नाही त्या घरांच्या तोरणांना ती जायची.

साहजिकच, कर्ता जितका वजनदार तितकी गावाच्या पदरात फुलं जास्त. काटा बघायला सगळी वस्ती गोळा व्हायची. मागच्या वर्षीपेक्षा बोचकं जास्त लागलं की पोरं ओरडायची, बाया एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, आणि त्या घरच्या बाईची मान ताठ व्हायची. भागुबाईंची मान अशी पुष्कळ वर्षं ताठ राहिली होती.

आणखी एक गोष्ट त्या काट्याला चिकटलेली होती. भागुबाई तरुणपणी डोक्यावर पाटी घेऊन नाशिकच्या बाजारात भाजी विकायला बसायच्या. आजूबाजूच्या बायका पारड्याखाली चिंचोका चिकटवायच्या, तोलताना दांडीला हळूच बोट लावायच्या. भागुबाईंनी आयुष्यात काटा मारला नाही. लेकरांना, सुनेला, मळ्यातल्या माणसांना त्यांचं एकच सांगणं असे, "दुसरं काय बी करा, या घरात काटा मारायचा नाय."

आता त्या वर्षी त्यांना दसरा नको का झाला, ते सांगायला वीस वर्षं मागं जायला हवं.

भागुबाईंचे मालक वाळूअण्णा. तरुणपणी पोटाशी सपाट, पायाला चपळ असा गडी. पण सत्त्याण्णव सालच्या खंडेनवमीला ते पारड्यात बसले, आणि मागच्या वर्षीइतकी बोचकी चढवल्यावर फुलांचं पारडं दाणकन जमिनीवर आलं. एक बोचकं काढलं. तरी दांडी सरळ होईना. दुसरं सोडून त्यातली फुलं उपसायला लागली.  कोणीतरी म्हणालं, "धडा नीट केला नसंल." रिकामी पारडी एका पातळीत आणायला जे बारीकसारीक वजन लावतात त्याला धडा म्हणतात. तो भागुबाईंनी स्वतः केला होता. तो चुकला नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात वाळूअण्णांच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. कुठल्याही माळ्याच्या पायात वर्षातून चार वेळा मोडतो तसाच. पण ती जखम भरेना. पाय काळा पडला, मग सिव्हिल हॉस्पिटल झालं, तिथं कळलं की रक्तात साखर आहे आणि फार दिवसांची आहे. दसऱ्याला पारड्यात बसायला ते राहिले नाहीत.

लोकांनी साखर लक्षात ठेवली. भागुबाईंनी पारडं लक्षात ठेवलं. माणूस जायचा असला की आधी काट्यावर कळतं, अशी त्यांच्या मनानं गाठ मारून ठेवली, आणि ती वीस वर्षांत कोणाला सुटली नाही.

वाळूअण्णांच्या जागी त्यांचा मुलगा निवृत्ती बसला, तेव्हा तो नुसता काडीसारखा होता. त्या वर्षी देवळाला तोरण झालं आणि शाळेला फुलं पुरली नाहीत. त्या दिवसापासून भागुबाईंनी पोराला खाऊ घालायचा जो सपाटा लावला तो लावलाच. सकाळी दूध, भाकरीवर तूप, हिवाळाभर डिंकाचे लाडू, बाजारातून आला की शेव घातलेली मिसळ. निवृत्तीही भरत गेला. आधी तो सायकलवर फुलं न्यायचा, मग टेम्पो आला. आधी पाटानं पाणी द्यायला रात्र रात्र फिरायचा, मग ठिबक आलं आणि बटण दाबलं की झालं. वर्षाला किलो, दोन किलो. दर खंडेनवमीला थोडी फुलं जास्त. भागुबाई दर वर्षी मनातल्या मनात हात जोडायच्या.

आणि अठरा साली, उन्हाळा सरता सरता, निवृत्ती उतरायला लागला.

आधी शर्टाच्या बटणांमधली फट गेली. मग मनगटातलं घड्याळ सैल झालं. मग श्रावणात शेजारच्या मळ्यातल्या यशोदाबाई बांधावरून ओरडल्या, "भागुबाई, निवृत्ती आजारी हाय का गं?"

"कोण म्हणतं?"

"म्हणायला कशाला पायजे? गालफाडं बसली की त्याची. नजर काढ बाई. आणि काय खाऊ घालीत नाय का सून?"

 त्या रात्री ताटावर भागुबाईंनी स्वतः वाढलं. निवृत्तीनं भाकरी अर्धी मोडली आणि अर्धी टोपल्यात परत ठेवली.

"ती कोणाला ठेवली?"

"बास झालं आई. पोट भरलं."

"अर्ध्या भाकरीनं वासराचं पोट भरत नाय, तुझं कसं भरलं?"

"डाळ खाल्ली की. काकडी खाल्ली. सोड ना."

"तूप कुठं गेलं? मी घातलं होतं."

निवृत्तीनं प्रतिभाकडं पाहिलं. प्रतिभानं चुलीकडं पाहिलं. पंचवीस वर्षं ती या घरात होती, सासूशी तिचं चांगलं जमायचं, पण ही एक गोष्ट चार महिने तिनं पदराखाली झाकून ठेवली होती. आता झाकता येईना.

"आत्याबाई, सांगतेच आता," ती म्हणाली. "वैशाखात हे फूलबाजारात टेम्पोत बसल्या बसल्या पेंगायचे. जेवण झालं की डोळे मिटायचेच. संजनावन्सं यांना घेऊन गेल्या, त्यांच्या इंदिरानगरच्या डॉक्टरीणबाईंकडं. रक्त तपासलं. साखर अजून झालेली नाही, पण उंबरठ्यावर हाय म्हणाल्या. वजन उतरवा म्हणाल्या, लगेच."

"उतरवा?" भागुबाईंचा आवाज बारीक झाला. "वजन उतरवा म्हणाली ती?"

"लग्नात पासष्ट किलोचा होतो आई," निवृत्ती म्हणाला. "आता नव्वदीच्या वर गेलो होतो. रोज सकाळी कॅनॉलपर्यंत चालत जातो, तेवढंच. चहातली साखर सोडली. बरं वाटतंय उलट."

"तुझ्या बापालाबी बरंच वाटत होतं."

एवढं बोलून त्या उठल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरात नियम काढला: निवृत्ती पोटभर जेवला तर आपण जेवणार, नाहीतर नाही. दोन दिवस त्या नुसत्या पाण्यावर राहिल्या. सत्तरीची बाई, तीही हट्टानं मळ्यात फुलं तोडायला येऊन उभी. तिसऱ्या दिवशी निवृत्तीनं हात टेकले. तो दोन भाकरी खायला लागला, वर लाडू. पंधरवड्यात शर्टाची बटणं पुन्हा ताणली. भागुबाई जेवायला लागल्या. प्रतिभा मात्र जेवेना.

"ही काय तऱ्हा?" भागुबाईंनी विचारलं.

"काही नाही आत्याबाई. तुम्ही त्यांना खाऊ घातल्याशिवाय जेवत नाही, मला त्यांनी खाल्लेलं बघून जेवण जात नाही. कोणीतरी एक उपाशी राहायचंच या घरात, मी राहते."

हे ती रागानं म्हणाली नाही, ताट घासता घासता म्हणाली. भागुबाईंना ते जास्त लागलं. त्याच आठवड्यात मळ्यात खुरपताना निवृत्तीच्या तळपायाला खुरप्याची धार लागली. फार नाही, दोन बोटांची जखम.  पण भागुबाई रोज हळद लावायच्या आणि रोज पाय उजेडात धरून बघायच्या.

संजना, त्यांची लेक, सातपूरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या नवऱ्याबरोबर इंदिरानगरला राहायची. भावजयीचा फोन गेल्यावर ती आली आणि म्हणाली, "आई, तुझा गुडघा दाखवू या."

"गुडघ्याला काय झालं माझ्या?"

"काही नाही झालं, म्हणूनच दाखवू या. चल, रिक्षा उभी आहे."

भागुबाई काही खुळ्या नव्हत्या. गुडघ्याचं निमित्त त्यांना दारातच कळलं. पण त्या गेल्या. निवृत्तीच्या पायाच्या जखमेचा घोर त्यांना एकटीनं उचलवत नव्हता.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, चष्मा कपाळावर ढकललेला, बोलायला घाई नसलेल्या. त्यांनी खरंच गुडघा पाहिला. मग म्हणाल्या, "आजी, इकडे या, वजन बघू."

"माझं? माझं वजन कोणी केलं नाय आजवर. जन्म गेला काट्याजवळ, पण आम्ही भाजी ठेवली, गडीमाणूस ठेवला. बाई नाय ठेवली कधी."

"मग आज ठेवू."

वजन झालं. भागुबाई हलक्याच होत्या. मग त्यांनी आपण होऊन विषय काढला. "डॉक्टरीणबाई, माझ्या पोराला वाळवू नका. माझा धनी असाच वाळला. सत्त्याण्णव साली पारडं वर गेलं आणि वर्षाच्या आत माणूस गेला. मी डोळ्यांनी बघितलंय."

संजना मधे बोलायला गेली, पण डॉक्टरीणबाईंनी तिला हातानं थांबवलं. "आजी, ते उतरले ते तुम्ही पाहिलंत. त्याआधी चढले होते का?"



चढले होते का? भागुबाईंना एकेक दसरा आठवायला लागला. वाळूअण्णा मोट हाकायचे तेव्हा त्यांच्या वजनाला सासूबाईंच्या एका लुगड्याचं बोचकं पुरायचं. मग विहिरीवर विजेची मोटर बसली आणि बैल विकले. त्या दसऱ्याला लुगडं अपुरं पडलं म्हणून चादर आणली होती. मग फटफटी आली. मग आडत्याच्या गादीवर बसून चहावर चहा, गोड, घट्ट, आणि सोबत जिलबी. लग्नातला कोट घालायला गेले तर पाठीत उसवला, तेव्हा सगळे किती हसले होते. भागुबाईंनी स्वतः तो उसवून सैल करून दिला, मग वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा उसवला, मग आत सोडायला कापडच राहिलं नाही. शेवटी शेवटी दोन चादरी भरून फुलं लागायची. पेढे वाटले होते एका वर्षी.

"चढले होते," त्या म्हणाल्या. "लय वर्षं चढत होते."

"तेच तर. तेव्हा कुणाला वाईट दिसलं नसेल. वर्षाला एक-दोन किलो, कोण बघतं? दिसायला माणूस सुखी दिसतो. पण तरुणपणानंतर असं वर्षानुवर्षं चढत गेलेलं वजन, विशेषतः पोटावरचं, साखरेचा रस्ता सोपा करतं. प्रत्येकालाच होते असं नाही, बारीक माणसालाही होते. पण धोका वाढतो. मग एकदा साखर फार वाढली की शरीराला ती वापरताच येत नाही, लघवीवाटे निघून जाते. माणूस जेवतो आणि झिजतो. तुमच्या मालकांचं सत्त्याण्णवचं वजन असं आपोआप गेलं होतं. ते साखरेनं नेलं. निवृत्तीचं साखरेनं नेलेलं नाही, त्यानं चालून उतरवलंय."

"काट्याला कसं कळणार, कोणी नेलं ते?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "काट्याला नाही कळत. तुम्हाला कळेल. तहान फार लागते का बघा. रात्री लघवीला उठतो का बघा. गळून जातो का. जखम भरते का. आणि रक्त मी बघते."

 घरी आल्यावर भागुबाईंनी कोणाला काही सांगितलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी निवृत्तीनं अर्धी भाकरी परत ठेवली तेव्हा त्या काही म्हणाल्या नाहीत, आणि आपलं ताट पुढं ओढलं. निवृत्तीला वाटलं, आई रुसली. प्रतिभाला वाटलं, आत्याबाईंनी हाय खाल्ली. दोघांनी आपापसात काय ठरवलं ते पुढं कळलंच.

खंडेनवमी उजाडली. पहाटे टेम्पो बाजारात गेला, दुपारी आला. ऑक्टोबरचं ऊन असं की शेडचे पत्रे कडकड वाजत होते. प्रतिभानं शेण सारवून रांगोळी काढली, विळे-खुरपी मांडली, आणि लोखंडी वजनं घासून ओळीनं ठेवली. भागुबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या आणि ओळीपाशी थांबल्या.

"पाच किलोचं कुठंय? आणि दोनाचं?"

"असतील इथंच," प्रतिभा मान वर न करता म्हणाली. "फूल तोलायला कोणी नेली असतील. आता इलेक्ट्रॉनिक काट्यावरच होतं सगळं, यांच्याकडं कोण बघतं, आत्याबाई."

भागुबाईंनी होती त्या वजनांना कुंकू लावलं आणि रिकाम्या जागेवर दोन फुलं ठेवली.

संध्याकाळी वस्ती जमली. यशोदाबाई पुढच्या रांगेत. संजना इंदिरानगरहून आली होती. तराजू तुळईला लागला, भागुबाईंनी धडा केला, दांडी सरळ झाली. मग निवृत्ती घरातून आला. अंगात लोकरीचं जाकीट, गळ्यापर्यंत बटणं लावलेलं, कपाळावरून घाम ओघळतोय.

"काय रे निवृत्ती," यशोदाबाई म्हणाल्या, "महाबळेश्वरला निघालास का?"

सगळे हसले. निवृत्तीही हसला आणि घाईघाईनं पारड्यावर चढला. तो मांडी घालून बसला, तेव्हा पारड्यावर स्पष्ट आवाज झाला. टण्ण.

जमलेल्या प्रत्येकानं तो ऐकला, आणि प्रत्येकानं ऐकला नाही असं तोंड केलं. माळ्यांच्या वस्तीत लोखंडी वजनाचा आवाज कोणाला कळत नाही?

प्रतिभानं भराभर बोचकी चढवली. मागच्या वर्षीइतकी चढली आणि दांडी जवळजवळ सरळ झाली.

"झालं!" प्रतिभा म्हणाली. "आत्याबाई, ओवाळा."

भागुबाई हलल्या नाहीत. "निवृत्ती, खाली उतर."

"आई, झालाय काटा..."

"काटा बोलला. मी ऐकला. उतर, आणि जाकीट काढ."

निवृत्ती उतरला. जाकिटाखाली पोटाशी उपरणं आवळून बांधलं होतं, आणि उपरण्यात पाच किलोचं आणि दोन किलोचं, दोन्ही वजनं. घामानं लोखंड ओलं झालं होतं.

"अगं बाई," यशोदाबाई पुटपुटल्या, "पोटात लोखंड!"

मागून एक पोरगं फिसकन हसलं आणि आईची चापट खाऊन गप्प झालं.

"माझ्या दारात काटा मारलास?" भागुबाई म्हणाल्या. "सगळ्या आयुष्यात मी चिंचोका चिकटवला नाय, आणि तू लोखंड बांधलंस?"

"तुझ्यासाठी बांधलं आई." निवृत्तीचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "पारडं वर गेलेलं तुला बघवणार नाही म्हणून. बापाचं गेलं तेव्हा तू कशी उभी होतीस, मी तिथंच होतो. मला माहीत हाय."

"माझीच अक्कल, आत्याबाई," प्रतिभा म्हणाली. "त्यांना बोलू नका."

"दोघांची अक्कल मिळून सात किलो," भागुबाई म्हणाल्या. "ठेव ती पूजेत. आणि तू बस. नुसता बस."

दोघा गड्यांनी दांडी धरली, निवृत्ती पुन्हा बसला, आणि त्यांनी ती सोडली. साखळ्या करकरल्या, फुलांचं पारडं दाणकन जमिनीवर आलं आणि निवृत्तीचं वर गेलं, इतकं की त्याचं तोंड उभ्या असलेल्या आईच्या तोंडासमोर आलं. तोच आवाज. तीच तुळई.  संजनानं ओठ दाबून धरले. प्रतिभा फुलांपाशी वाकली.

"थांब," भागुबाई म्हणाल्या.

त्या पारड्याला हात लावून उभ्या राहिल्या. पोराच्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिल्या. गाल बसले होते खरे, पण डोळे स्वच्छ होते.

"तहान लागते का रे?"

"आत्ता लागलीय. जाकीट घातलं होतं ना."

"थट्टा नाय. रोज? घशाला कोरड पडून?"

"नाय आई."

"रात्री उठतोस?"

"पडलो की सकाळीच उठतो. हिला विचार."

"पाय दाखव. तो. खुरपं लागलेला."

निवृत्तीनं पारड्यात बसल्या बसल्या पाय पुढं केला. भागुबाईंनी तो दोन्ही हातांत धरला, उजेडाकडं वळवला. महिन्याभरापूर्वीच्या जखमेच्या जागी पांढुरकी रेघ होती, कोरडी, मिटलेली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्डात त्यांनी असाच एक पाय मांडीवर घेऊन किती दिवस काढले होते, आणि त्या पायावर अशी रेघ कधी उमटली नव्हती.

त्यांनी पाय खाली सोडला आणि पदरानं डोळे टिपले.

"काढ गं फुलं," त्या प्रतिभाला म्हणाल्या. "दांडी सरळ होईस्तोवर काढ."

प्रतिभानं एक बोचकं सोडलं आणि ओंजळीनं फुलं बाजूला अंथरलेल्या साडीत टाकायला लागली. ढीग वाढत गेला. शेवटी दांडी डुलली, थबकली आणि सरळ झाली. भागुबाईंनी निवृत्तीला ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं. माणसांना श्वास टाकायला सुचलं.

"ही कुठं टाकू?" साडीतल्या ढिगाकडं बघत प्रतिभानं विचारलं.

"क्रेटमध्ये टाक," निवृत्ती खाली उतरत म्हणाला. "सकाळी जातील बाजारात."

"पारड्यात चढलेली फुलं विकतो का कोणी?" भागुबाई कडाडल्या. "चढली होती तेव्हा वाटली, आता उतरली तरी वाटायची. गावाची फुलं कमी व्हायची नाय. संजने, यातली निम्मी तू घेऊन जा. त्या डॉक्टरीणबाईच्या दवाखान्याला तोरण लाव. मी दिलंय म्हणावं, आणि म्हणावं, पाय बघितला."

"आणि निम्मी?" यशोदाबाईंनी विचारलं.

"निम्मी तुझ्या दाराला. सगळ्यांच्या आधी नजर तूच लावलीस."

मग मात्र सगळी शेड हसली, आणि सर्वांत मोठ्यानं यशोदाबाई.

त्यानंतर काय झालं ते सांगून टाकते.

दिवाळीनंतरच्या तपासणीत निवृत्तीची साखर उंबरठ्यावरून मागं सरकली होती. करोनाच्या दोन वर्षांत बाजार बंद, चालणं बंद, घरात बसून वजन पुन्हा चढलं आणि साखर पुन्हा दाराशी आली. मग तो पुन्हा कॅनॉलवर जायला लागला. आज तो पंचावन्नच्या घरात आहे. गोळी अजून लागलेली नाही. पुढचं पुढं.

प्रतिभाची गोष्ट वेगळी झाली. एकोणीस सालच्या खंडेनवमीला भागुबाईंनी निवृत्तीच्या आधी तिला पारड्यात बसवलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पण बोचक्यांमागून बोचकी चढत राहिली, तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की तिच्याकडं आजवर कोणी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात संजना तिला इंदिरानगरला घेऊन गेली. प्रतिभाची साखर उंबरठा केव्हाच ओलांडून आत आली होती. नवऱ्याच्या भाकरीतलं तूप काढून घेणारी ही बाई, ते तूप वाया नको म्हणून स्वतः खात होती. ती गोळ्या घेते, नवऱ्याबरोबर चालते, आणि तिचं बरं चाललं आहे.

यशोदाबाई वीस साली गेल्या. संजनाचा नवरा निवृत्त झाला, ती दोघं इंदिरानगरलाच आहेत. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याला दर दसऱ्याला मखमलाबादचं तोरण जातं.

भागुबाई बावीस सालच्या श्रावणात गेल्या, दुपारी, फुलांच्या परड्या विणता विणता. त्यांचं वजन शेवटपर्यंत हलकंच राहिलं.

काटा अजून तुळईला टांगला जातो. आता घरातली सगळी माणसं बसतात, बायासुद्धा. फुलं मात्र अठरा सालच्या आधी निवृत्तीला जेवढी लागत होती तेवढी बाजूला निघतात, दांडी काहीही म्हणो. आणि पूजेला वजनं मांडताना पाच किलोचं आणि दोनाचं सर्वांच्या पुढं ठेवतात. तसं ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं. प्रतिभा ठेवते.